टाचांचं मलम

प्रिय मशीनवाल्या,

एकाच घरात राहून नवऱ्याला पत्र लिहिणारी बाई तू पाहिली नसशील. मीही नाही. पण तोंडाने सांगायला गेले की माझी गाडी दूध, भाजी, लेकीचा फोन एवढ्यावरच फिरून परत येते, आणि तू तर उद्या मालकांना उत्तर देणार आहेस. दुसऱ्या शहरातला नवा छापखाना सांभाळायला वर्षभर जायचं की नाही, याचं. काल चहा पिताना म्हणालास, जातो, तुलाही जरा मोकळं वाटेल. ते ‘मोकळं’ माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तू रागावून बोललास की समजुतीने, तेही कळलं नाही.

पाळी कायमची गेली तेव्हा मी काय खूश झाले होते, आठवतं? पडद्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या मुलींना आइस्क्रीम दिलं होतं. मग हळूहळू खाली जळजळ सुरू झाली. शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसवेना, म्हणून मी उशी न्यायला लागले आणि तुला सांगितलं की कंबर दुखते. लघवीला आग व्हायची, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्यांवर गोळ्या दिल्या. आणि तू जवळ आलास की दुखायचं रे. इतकं, की दुखेल या धास्तीनेच अंग आखडायचं. नुसता हात ठेवलास तरी मी कूस बदलायला लागले. एकदा तर म्हणाले, आता हे वय आहे का आपलं? मग तू ‘माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते’ असं म्हणून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेलास. घोरतोस तर तू लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून!

आधी मला सुटल्यासारखं वाटलं, मग रडू आलं. माझं मलाच कळेना, दुखतंय म्हणून मन उडालंय, की मन उडालंय म्हणून दुखतंय? आणि संध्याकाळी तू कानाला छपाईच्या मशीनची शाई लागलेला तसाच घरी आलास की मला ती पुसावीशी वाटायची. मन उडालेल्या बाईला असं वाटतं का?

शेवटी हिय्या करून बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, पाळी गेल्यावर शरीरात इस्ट्रोजेन नावाचं बायकांचं हार्मोन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, म्हणून जळजळ, म्हणून दुखणं. कितीतरी बायकांना होतं आणि बहुतेकींच्या तोंडाला कुलूप. त्यांनी इस्ट्रोजेनचं मलम दिलं, आतून लावायचं. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. घरी येऊन त्यातला कागद वाचला तर, जगातला एकही भयंकर आजार त्यात सुटला नव्हता. पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, डोस अगदी थोडा आहे, तुमची सगळी माहिती विचारूनच दिलाय, रक्त दिसलं तर मात्र लगेच या. पटलं, पण भीती काही पुरती गेली नाही.

आणि आता तुझा पराक्रम. मलम लावायची नळी मी घरच्या शिलाई मशीनच्या बॉबिनच्या खणात लपवली, पण ट्यूब ठेवली बेसिनवरच्या आपल्या दोघांच्या ब्रश-पेस्टच्या डब्यात. लपवलेली सापडली तर तू विचारशील, उघड्यावर कोण बघतंय, असा माझा शहाणपणा. ट्यूब भराभर संपायला लागली. मला वाटलं, मी मापात चुकतेय, जास्त जातंय अंगात. दोन रात्री लावलंच नाही. मग रविवारी पाहिलं तर तू अंगणात पाय पसरून, गुणगुणत, तेच मलम भेगाळलेल्या टाचांना चोळतोयस! मलम ते मलम, हा तुझा जुना सिद्धांत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. वर मला म्हणालास, फार गुणी मलम आहे, अजून एक आण. बाबा रे, ते हार्मोन आहे, आता टाचांना लावू नकोस. डॉक्टरीणबाईंना विचारलं, आधी त्या हसल्या, मग म्हणाल्या, बंद करायला सांगा, ते औषध त्यांचं नाही.

हे सगळं लिहायचं कारण एकच. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. मलमाने सगळं पहिल्यासारखं होईल का, मला ठाऊक नाही. जळजळ कमी झालीय, एवढंच सांगू शकते. पण बायकोला माझा कंटाळा आला, असं मनात धरून जाऊ नकोस. मला तुझा कंटाळा कधीच आला नव्हता. मला दुखत होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. हे पत्र डब्यात ट्यूबच्या जागी ठेवतेय, कारण सकाळी तुझा हात आधी तिथेच जाणार. टाचांसाठी वेगळं मलम आणलंय, निळ्या झाकणाचं. आणि उत्तर काहीही देणार असलास तरी हे वाचशील त्या रात्री उशी घेऊन आत ये. घाई काही नाही, नुसता शेजारी झोप. घोरलास तर उठवीन.

तुझीच,
आतल्या खोलीतली