डाव्या दाराचा रंग

पैठण,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मेघाताईस,
सा. न. वि. वि.

आईला फोनवर काही ऐकू येत नाही आणि तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं नाही तर ती रुसते, म्हणून हा पत्रांचा उद्योग चालूच. डायलिसिसला तुमच्याकडं शहरात न्यायचं म्हणजे एसटीत तिचा अर्धा जीव जातो. परतल्यावर जेवत नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडते. मीही लई थकलोय गं.

आपल्या अमृताचे सासरे बद्रीनाथराव गाडी विकताहेत. एक ओरखडा नाही म्हणतात. तू जाऊन तेवढा रंग उन्हात बघ. नव्यानं रंग मारलेला असला तर गाडी ठोकलेली समजायची, आणि आईला तसल्या गाडीत बसवायचं नाही. पण धाकट्या बहिणीचं सासर आहे बाई, तिथं तुझी मास्तरकी नको!

माया आहे ती असू दे.

तुझा,
सुदर्शन


पुंडलिकनगर,
८ फेब्रुवारी २०२५

चि. सुदर्शन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळा सुटल्यावर तशीच गारखेड्याला अमृताच्या सासरी गेले. पाय नुसते ठणकत होते. बद्रीनाथराव आत फोनवर बोलत होते, तेवढ्यात फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून गाडीला लावत फिरले. सगळीकडं चिकटलं. डाव्या पुढच्या दारावरून मात्र घसरून पडलं. पोचलेल्या पत्र्यावर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर भरून वरून रंग मारलेला. दाराच्या रबरावरही रंगाचे शिंतोडे होते.

व्याह्यांना विचारावं तरी कसं, या विचारात होते तोवर अमृता चहा घेऊन आली. ट्रे नाही. उजव्या हातात एक कप आणला, परत आत गेली, मग दुसरा. डावा हात पोटाशी धरलेला. दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरला म्हणाली होती ना? माझ्या हातातलं चुंबक बघितलं आणि कप ठेवून सगळं सांगूनच टाकलं.

बायपासला ट्रकनं त्याच दारावर धडक दिली होती रे. पोरगी त्याच बाजूला बसलेली. हातात सळई घातलीय. आईचं डायलिसिस तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून अमृतानंच सगळ्यांना गप्प बसवलं. सुनेला शब्द दिला होता, असं बद्रीनाथराव मान खाली घालून म्हणाले. मला तर रागवावं कुणावर तेच कळेना. रिक्षात बसून रडले.

गाडी नको. प्रकृतीला जप, आणि एवढं पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
ताई


पैठण,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न.

अगं बाई, ती शेवटची ओळ सगळ्यात वर लिहायची होतीस! पाकीट फोडलं आणि नेहमीसारखं आईसमोर बसून मोठ्यानं वाचत सुटलो. मधेच अडखळलो, तर तिनं पुढं वाच म्हणून दटावलं. तुझ्या ओळीपाशी पोचलो तेव्हा सांगून झालं होतं सगळं.

ऐकून आई चिडलीच. म्हणाली की सुई टोचल्यावर मला किती दुखतं ते मी त्या पोरीला दर वेळी सांगते, मग तिनं तिचं का सांगू नये. मी काय परकी झाले का, असं विचारत होती आणि डोळे पुसत होती.

रविवारी अमृतालाच इकडं घेऊन येतो म्हटलं, तर ऐकायला तयार नाही. उद्या डायलिसिस नाही, तरी सकाळच्या एसटीनं गारखेड्याला निघायचं म्हणते. चार दिवस तिथंच राहायचं म्हणून पिशवी भरून झालीय. आत्ता माझ्या डोक्याशी उभी आहे, पत्र आटप म्हणते.

पत्र मिळालं की तूही तिकडंच ये.

सुदर्शन