जांभळ्या कापडातली माफी

इलोरिन, शनिवार

चि. अबोसेदे,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना मीठ कमी करायला सांग. ऐकणार नाहीत, तरी सांग. मी ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझ्या लेकीच्या, फोलावेमीच्या पदवीदानाला मी नऊऐवजी चार वाजता उगवले आणि वर "जेवून आले" म्हणाले, याचा तुला राग आला. तर झालं ते सांगते. मध्ये बोलू नकोस.

तू पाठवलेलं जांभळं कापड मी शिवून घेतलं. (सहा वर्षांच्या अबोल्यानंतर कार्यात घरच्या सगळ्यांनी घालायचं एकरंगी कापड आलं म्हणजे बोलावणं आलं, एवढं मलाही कळतं.) इबादानच्या बसथांब्यावर एका बाईकडून डोक्याचा फेटा बांधून घेतला. तिने तो कानांसकट असा आवळला की चष्म्याच्या काड्या शिरेनात. चष्मा पर्समध्ये टाकला. विद्यापीठाच्या मैदानात मांडवच मांडव, त्यातल्या एकात सगळे जांभळे. आपलीच माणसं, म्हणून शिरले. त्यांनीही "आल्या गं बाई मावशी!" करत मिठ्या मारल्या, पुढ्यात भात आणि तळलेली केळी ठेवली. (कापडवालीने "हा गठ्ठा फक्त तुमच्यासाठी" अशी तुझ्याकडे शपथ घेतली असेल. तीच तिने त्या मांडवातल्या अडेगुनले मंडळींकडेही घेतली होती.)

मधोमध एक जाड बाई बसली होती. (रागावू नकोस, चष्मा नव्हता.) मी तिच्यापुढे उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आईच्या अंत्यविधीला मी चारचौघांत बोलले होते की तुझं लेकरू पदवीधर होणार नाही, त्याला शिवणकामाला घाल. चौतीस वर्षं शाळा चालवून मला घरचं पोर ओळखता आलं नाही. चुकले मी."

बाई ढसाढसा रडली. "ताई, तुम्ही एकट्या नव्हता हो! माझ्या मुलाच्या सगळ्या आत्या हेच म्हणायच्या. कबूल करणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

"मुलाच्या" म्हटल्यावर मी दचकायला हवं होतं. पण ढोल सुरू झाले आणि मला नाचवण्यात आलं. (पाठ ताठ ठेवूनच नाचले.) दिवस असाच गेला. शेवटी फोटोसाठी फिरणाऱ्या फोलावेमीने मला पाहिलं. "मोठी मावशी, तुम्ही यांच्यात काय करताय? आई सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून बसलीय!"

एका हाताने टोपी सावरत, दुसऱ्याने मला ओढत तिने तुझ्या मांडवात आणलं. तू विचारलंस, "जेवलीस?" मी म्हणाले, "जेवून आले." तू तोंड फिरवलंस. आपलं कापड अंगावर आणि परक्यांचा भात पोटात, तुझं बरोबरच होतं. माझी बस पाचची होती.

फोलावेमीला म्हणावं, नोकरीच्या अर्जात तरी अक्षर नीट काढ.

तुझी
इबिरोंके

ता. क. मी माफी एकदाच मागते, हे तू जाणतेस. ती चुकून अडेगुनलेबाईंकडे गेली. कृपा करून ती तुझी समजावी.

ता. क. २. अडेगुनलेबाईंनी डिसेंबरात त्याच मुलाच्या लग्नाला बोलावलंय आणि दोघींपुरतं हिरवं कापड पाठवलंय. (बहीण येईल, असं मीच सांगून बसले.) माझ्याकडे तुझं माप आहे ते सहा वर्षांपूर्वीचं. नवं माप पत्राने पाठवू नकोस, स्वतः ये. आणि माझा फेटा या वेळी तूच बांध, कान मोकळे ठेवून.