काळ्या खोलीतल्या बशा

मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. दोन मुलांचा बाप झालास तरी मी बाळ्याच म्हणणार. राग आला तर कळव. निदान तेवढं तरी कळवशील. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, नळ गळतो. शेजारच्या बाई गेल्यापासून जिन्यात कुणी भेटत नाही. रविवारी दिवसभरात बोलले ती त्या नळाशी.

काम तेच. बाकीचे लोक पीक उगवावं म्हणून झटतात, आम्ही तण कशानं उगवतं ते शोधतो. किती ऊब लागते, किती ओल, मातीत किती खोल. बारीक बी खोल गेलं की वर येत नाही, वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. मग कुणी माती उलटली, क्षणभर उजेड लागला की उठतं. म्हणून माझ्या बियांच्या अर्ध्या बशा काळ्या खोलीत असतात. तिथं ज्यानं बी उठत नाही अशा मंद हिरव्या दिव्यात कोंब मोजायचे आणि फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा. हा नियम मीच केलेला.

गेल्या आठवड्यात घोळ झाला. अंधारातल्या बशांत पिवळट कोंबांची ही दाटी. एखाददुसराच उगवायला हवा होता.

साहेबांनी विचारलं, "बाई, आत उजेड गेला कुठून?"

"माझ्या खिशातून."

"तुमच्या? अहो, दुसऱ्या कुणी फोन आत नेला तर तुम्ही त्याला फाडून खाता."

एक तारखेला तुझा मिस्ड कॉल आला होता. मी काळ्या खोलीत होते. परत लावला, तू उचलला नाहीस. चुकून लागला असेल. पण तेव्हापासून मी फोन घेऊनच आत जात होते आणि घडीघडी बघत होते. हे सगळं साहेबांना सांगितलं. परक्या माणसाला खरं सांगता येतं, मग तुला का नाही, असं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी, आई गेली त्या दुपारी माझी बॅटरी संपली नव्हती, ते मी तुला खोटं सांगितलं. तुझा मेसेज मी वाचला होता. 'आई तुला विचारतेय, कानाशी फोन धरतो, फक्त बोल.' माझ्या सहा बशा मोजायच्या राहिल्या होत्या. बशांचं निमित्त रे. तिचा तो आवाज ऐकायची माझी छाती झाली नाही. फोन टेबलावर ठेवून मी आत गेले आणि सहाच्या सहा बशा नीट मोजल्या. बाहेर आले तेव्हा तुझे नऊ कॉल होते.

तू ओळखलं असणार, म्हणूनच बोलत नाहीस. शेवटी तिला काय सांगितलंस? मी येतेय म्हणून?

प्रयोग पहिल्यापासून मांडायचाय. साहेब म्हणाले, फोन बाहेर ठेवा. मी म्हटलं, ते जमणार नाही, काळी खोली दुसऱ्या कुणाला द्या. आता मी उजेडातल्या बशा बघते. फोन समोरच असतो. शिव्या द्यायला केलास तरी चालेल.

पहिल्या घंटेला उचलणारी,
तुझी अक्का