डेल्फिनाच्या कागदावर नसलेलं पाणी

टुलारे,
१२ जून १९९४

ती. अडेलीनोमामांस,
डेल्फिनाचा नमस्कार, वि. वि.

आधी आशीर्वाद द्या, मग पुढे वाचा. ठरलं. गावातल्या कॉलेजात दोन वर्षं, मग उरलेली दोन फ्रेझ्नोच्या विद्यापीठात, आणि शेवटी शारीरिक शिक्षणाची पदवी. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी माझ्याबरोबर बसून चारही सत्रं आखून दिली. शरीररचना, शरीरक्रिया, इंग्रजी, संख्याशास्त्र. शिवाय व्हॉलीबॉल, लोकनृत्य आणि वजनं उचलणं. नक्कल सोबत पाठवते आहे.

बाबा म्हणाले, उड्या मारायला शिकवायचा पगार मिळतो होय? मग आमच्या वासरांनाही नोकरी लावून दे. पण कागद त्यांनी दोनदा वाचला, मी पाहिलं.

पहाटे गाईंचं दूध काढताना मला एक मैदान दिसतं. गवत ओलं, पोरं चहूकडे पांगलेली, आणि कडेच्या बाकावर कुणीसुद्धा बसलेलं नाही. मशीन थांबलं की मैदान जातं.

आईने गोड पाव पाठवला आहे. तुमची डाक वर आणणाऱ्या खेचराने वाटेत खाल्ला नाही तर पोचेल. माया आहे तेवढी राहू द्या, थोडी वाढली तरी चालेल.

तुमची,
डेल्फिना

डोंगरावरून,
२६ जून

चि. डेल्फिनास,
मामाचे आशीर्वाद.

पाव पोचला, एक कोपरा सोडून. आज सकाळपासून ढग माझ्या टेहळणीच्या मनोऱ्याच्या खाली आहेत. तुमचं खोरं, गाई, मक्याची शेतं, सगळं पांढऱ्याखाली झोपलेलं. अशा दिवशी वणवा शोधायचा कुठे? म्हणून दिवसभर तुझा कागदच पाहत बसलो.

छान आखलं आहेस. मी शाळा सातवीत सोडली, तरी मला वाचता वाचता आपणच कॉलेजात चाललोय असं वाटलं. एक मात्र खटकलं. चेंडू आहे, नाच आहे, वजनं आहेत, पाणी कुठे आहे? उद्या तुझ्यापुढे चाळीस पोरं उभी राहतील, त्यातली निम्मी आपल्यासारखी कालव्याकाठची. पोहायला कोण शिकवणार त्यांना? हे विचारायचा मला अधिकार नाही, ठाऊक आहे. तरी विचारलं.

रागावलीस तरी पत्र पाठव.

मामा

टुलारे,
९ जुलै

मामा, नमस्कार.

पोहणं सक्तीचं नाही. जे प्रकार निवडायचे त्यात ते असू शकतं, नसूही शकतं. मी मुद्दाम टाळलं. कालव्याने माझा भाऊ निकोलाऊ नेल्यापासून नऊ वर्षांत या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला नाही. शेताला जायला बाबा लांबचा रस्ता घेतात. तुम्ही तर दर उन्हाळ्यात डोंगरच गाठता, आणि तिथून मला पाणी शिकवता?

मग आज विचारतेच. तुम्ही उशिरा पोचलात, असं सगळे सांगतात. पण निकोलाऊ घसरला तिथेच तुमची टोपी पडलेली होती, आणि तुमचे कपडे कोरडे होते. नऊ वर्षांची होते, पण ते माझ्या लक्षात आहे. तुम्ही उडी का मारली नाहीत?

डेल्फिना

डोंगरावरून,
२१ जुलै

चि. डेल्फिना,

उशीर झाला नव्हता. मी तिथेच होतो. तो माझ्यासमोर घसरला.

मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. मी काठाकाठाने धावलो, पार पुढे पाणी अडवायच्या दारापर्यंत. त्याला हाका मारत होतो. तो माझ्याकडेच बघत होता. पाणी माझ्यापेक्षा जोरात धावलं.

लोकांनीच म्हटलं, बिचारा उशिरा पोचला. मी ते खोडून काढलं नाही. तुझ्या बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही नाही. हे पत्र त्यांना वाचायला दे. त्यांनी मला दार बंद केलं, तरी ते त्यांचं बरोबरच असेल.

अडेलीनो

टुलारे,
२५ सप्टेंबर

ती. मामा,
नमस्कार, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते आधी घडायला हवं होतं.

पत्र बाबांनी गोठ्यात उभ्याने वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि उरलेल्या गाईंचं दूध काढलं. रात्री जेवताना आईकडे बघून म्हणाले, "मलाही पोहता येत नाही. मी असतो तर मीही काठानेच धावलो असतो." आई उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग त्या दोघांनी निकोलाऊच्या खोड्या सांगायला सुरुवात केली. कितीतरी मला ठाऊकच नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात मी लोकनृत्य खोडून पोहणं लिहिलं. पहिले सहा दिवस नुसती तलावाचा कठडा धरून रडले. पोहणं शिकवणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहायच्या. काल मी पाठीवर तरंगले. कान पाण्याखाली गेले की सगळं दूर जातं. आपलाच श्वास दुसऱ्या खोलीत कुणी झोपलंय तसा ऐकू येतो. मला वाटलं होतं तिथे निकोलाऊ भेटेल. नाही भेटला. तिथे फक्त आभाळ होतं, आणि मी बुडत नव्हते.

मामा, या कॉलेजात वयाची अट नाही. माझ्या वर्गात साठीच्या दोन आज्या आहेत. जानेवारीत नवशिक्यांचा नवा वर्ग सुरू होतो. बाबा म्हणतात, पोराटोरांत एकट्याने चड्डीवर उभं राहायची लाज वाटते, अडेलीनो असेल तर उतरेन.

बर्फ पडायच्या आत तुमचा मनोरा बंद होईल ना? या पत्राला उत्तर पाठवू नका. खाली या.

तुमचीच,
डेल्फिना