मान खाली घातलेली छत्री

नाना, गच्चीवर गंजत पडलेली तुमची डिशची छत्री मी पुन्हा उभी केली. टीव्हीसाठी नाही, आत्याच्या घरचं वायफाय आपल्या घरात आणण्यासाठी. तुमच्या सुनेला, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, पुण्याच्या एका कंपनीत घरून फोनवर बोलायचं काम मिळत होतं. अट एकच, नेट तुटता कामा नये. चाचणीच्या कॉलमध्ये तुटलं, तर तिने पुण्यात जाऊन राहायचं. ती पोरीला घेऊन जायला तयारही झाली होती. आपल्याकडे मोबाइलची रेंज अर्ध्या वाक्यात जाते. आत्याकडे चांगलं नेट आहे, पण मध्ये एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळसा नेणारे रूळ आहेत आणि त्यांच्यावरून वायर ओढू देत नाहीत.

छत्री घासली. दांडीच्या टोकावर वायफाय पकडणारा छोटा अडॅप्टर दह्याच्या डब्यात घालून बांधला, त्याची वायर खिडकीतून लॅपटॉपला जोडली. प्रत्येक नट दोनदा आवळला. माझं एकदा आवळून भागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ओळंबा लावून छत्री सरळ उभी केली, तोंड बरोबर आत्याच्या खिडकीकडे. खालून बायको लॅपटॉपवर रेंजच्या काड्या बघून सांगत होती, "एकच काडी." इकडे वळवली, तिकडे वळवली, तरी एकच. आत्या फोनवर म्हणाली, "तुझ्या बापाला हाक मार. त्याच्याबिगर ती कोणाचं ऐकायची नाय."

मी चिडून खाली बसलो, आणि तुम्ही आठवलात. नाशिक रोडच्या कॉलनीतली गच्ची आहे. दहावी नापास होऊन मी तुमच्याबरोबर छत्र्या बसवायच्या कामाला लागलोय. छत्रीचं तोंड मी आभाळाकडे वर करतो आणि तुम्ही माझ्या हातातला पाना काढून घेता. "उताणी करतो का तिला? नवरी हाय ती. मान खाली दिसती, पण बघायचं त्याच्याकडंच बघती. तिची नजर तिच्या तोंडाच्या वर असती." घरमालक हसतात. माझे कान तापतात.

म्हणजे सरळ उभी केलेली छत्री आत्याच्या पत्र्यावरून थेट आभाळात बघत होती. मी नट सैल केले आणि तिला पुढे वाकवलं, आपल्याच अंगणाकडे बघतेय असं वाटेपर्यंत.

"अहो, ती तर खाली मोरीकडे बघतेय," बायको म्हणाली.

"तिचं तिला बघू दे. तू काड्या बघ."

ती लॅपटॉपकडे वळली. मग म्हणाली, "भरल्या. सगळ्या भरल्या."

चाचणीच्या दिवशी ती आतल्या खोलीत बोलत होती आणि मी दाराबाहेर, पोरीच्या तोंडावर हात ठेवून. नेमकी तेव्हाच कोळशाची गाडी आली. भांडी थरथरली. मी डोळे मिटून घेतले. आतून तिचा आवाज तसाच चालू राहिला, गाडी संपली तरी चालूच. दार उघडून ती म्हणाली, "सोमवारपासून. इथूनच." आत्याने त्या संध्याकाळी रूळ ओलांडून शिरा आणला आणि गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या भावाच्या पोरानं वाऱ्यावरून नेट आणलं."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून खिशातच ठेवीन. नट ढिले झालेत का ते बघायला म्हणून मी रोज गच्चीवर जातो, असं घरात सांगतो. नट ढिले होत नाहीत. मी नुसता छत्रीच्या शेजारी उभा राहतो.