यंत्र वाचत नाही त्या ओळी

११ जानेवारी, सकाळी १०.१५

कन्येच्या लेखात चार चुका आहेत.

कन्येच्या आईने, म्हणजे हिने, तीस वर्षे ज्या शाळेत गणित शिकवले, ती शाळा हिच्या स्मरणार्थ पुस्तिका काढणार आहे. आईच्या शेवटच्या दिवसांवरचा लेख कन्येने लिहिला असून त्याचे प्रूफ शाळेने माझ्याकडे पाठवले, हे योग्यच केले. गणिताच्या पाठ्यपुस्तकांचे मुद्रितशोधन मी चाळीस वर्षे केले आहे. प्रूफ ३१ तारखेस परत द्यावयाचे आहे.

कन्या लिहिते, आईला सप्टेंबरपासूनच जिना चढताना दम लागत होता. चूक. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. कन्या लिहिते, आईने हे बाबांना अनेकदा सांगितले. चूक. एकदा. कन्या लिहिते, १७ नोव्हेंबरला, आईच्या शेवटच्या सकाळी, तिने जिन्यातून हाक मारली, तेव्हा बाबा कॉम्प्युटरवर कोणा अनोळखी माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देत होते आणि नऊ वाजेपर्यंत देत राहिले. एका वाक्यात दोन चुका. हाक मला ऐकू आली नाही. आणि ते उत्तर पंधरा मिनिटांत संपले होते.

‘अनोळखी माणूस’ हा शब्दप्रयोगही सैल आहे. जगभरातील लोकांनी मिळून, कोणताही मोबदला न घेता घडवलेले एक गणिती सॉफ्टवेअर आहे. ते वापरताना ज्यांचे अडते, त्यांना मी मदत-मंचावर मराठीतून उत्तरे देतो. सहा वर्षांत दोन हजारांहून अधिक उत्तरे दिली. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

लेखातील सात स्वल्पविराम अनावश्यक होते. काढले.

१२ जानेवारी, दुपारी ४

कन्येला फोन करून चारही चुका क्रमवार सांगितल्या, सात स्वल्पविरामही. ती म्हणाली की, बाबा, मला आईनेच त्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन केला होता. तुझे बाबा उत्तर देताहेत, झालं की डॉक्टरांकडे जाऊ, असं म्हणाली. मी म्हणालो, तो फोन १६ तारखेचा असावा. ती म्हणाली, आईच्या कॉम्प्युटरवर तिची पायऱ्यांची फाइल आहे, ती उघडून बघा म्हणजे कळेल.

अशी फाइल आहे, हे मला ठाऊक होतेच. केवळ त्या वेळी आठवले नाही.

संकल्प : फाइल उघडणे, आलेख काढणे, चारही तारखा पुराव्यानिशी दुरुस्त करणे. एक दिवस पुरे.

१३ जानेवारी, सकाळी ११

हिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी आहे. खुर्चीवर हिची शाल होती. ती न हलवता कडेला बसलो.

फाइल सापडली. ‘शेवटचा बदल : १७ नोव्हेंबर, ७.०९’. उघडेना. त्याच गणिती सॉफ्टवेअरची हिची आवृत्ती जुनी, मी काल येथे घातलेली नवी. ही वापरकर्त्यांची सर्वांत सामान्य अडचण आहे. अशा तीन तरी मी दर आठवड्याला सोडवतो.

१५ जानेवारी, दुपारी १२

उघडली. (नवी आवृत्ती काढून जुनीच पुन्हा घातली. मंचावर मी लोकांना असे कधीही करू देत नाही.)

आमच्या दारापर्यंत सेहेचाळीस पायऱ्या आहेत. ही रोज सकाळी फिरून परतताना पहिल्यांदा कितव्या पायरीवर थांबावे लागले, तो आकडा लिहून ठेवत असे. १ सप्टेंबरपासून एकूण अठ्ठ्याहत्तर आकडे. पहिले दोन सेहेचाळीस, म्हणजे न थांबता वर. तिसरा एकतीस. शेवटचा नऊ.

आकड्यांच्या मधून सोळा ओळी आहेत. त्या देवनागरीत असाव्यात. पण पुन्हा घातलेल्या जुन्या आवृत्तीला फॉन्ट सापडत नसल्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. प्रत्येक ओळ # या चिन्हाने सुरू होते. अशी ओळ यंत्र वाचत नाही, ती ओलांडून पुढे जाते. तिच्यामुळे उत्तरात फरक पडत नाही. हे मी मंचावर शेकडो वेळा लिहिले आहे. त्यामुळे मीही त्या ओलांडल्या.

१६ जानेवारी, दुपारी ३

आलेख काढला. रेषा सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात खाली येते. ही दिशाभूल आहे. सॉफ्टवेअर अक्ष आपोआप ठरवते, त्यामुळे लहानसा उतारही कडा असल्यासारखा दिसतो. उभा अक्ष शून्य ते एक हजार असा ठरवून दिला. रेषा आता शांत, आडवी आणि समाधानकारक आहे.

शिवाय यादीतील शेवटच्या आकड्याचा क्रमांक ७७ दिसतो. १ सप्टेंबरपासून सत्त्याहत्तरावा दिवस १६ नोव्हेंबर. म्हणजे तो ‘नऊ’ १६ तारखेचा. त्या सकाळी मी वाचनालयात होतो. तेथे माझी सही आहे.

प्रश्न जवळजवळ सुटला.

१७ जानेवारी, सकाळी ९.३०

या सॉफ्टवेअरमध्ये दोन अक्षरे टाइप केली की पूर्वी वापरलेले शब्द ते स्वतःहून सुचवते. मी ‘था’ लिहिले. पुढे आपोआप, सूचनांच्या वेगळ्या चौकटीत आणि नीट अक्षरांत, ‘थांबले’ आले. ‘यां’ लिहिले, ‘यांना’ आले. मला यांपैकी काहीही लिहावयाचे नव्हते.

ही सोय बंद केली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा ती चालू होती. पुन्हा बंद केली. पुन्हा चालू. सेटिंग साठवले जात नाही. हाही सामान्य दोष आहे. मंचावर याचे उत्तर मीच लिहिले आहे, परंतु ते येथे लागू पडत नाही.

जिन्यात कोणाची तरी पावले वाजली की मी मोजू लागतो. आज कुरिअरवाला एकतिसाव्या पायरीवर थांबला. पिशवी या हातातून त्या हातात घेत होता एवढेच. दार उघडून पाहिले.

१९ जानेवारी, सायंकाळी ५

रविवार म्हणून कन्या आली. आलेख दाखवला. तिने तो पाहिला आणि ती म्हणाली की, बाबा, हजार पायऱ्या कुठे आहेत आपल्याकडे? आपण काय डोंगरावर राहतो?

मी अक्षांविषयी समजावून सांगितले. ती म्हणाली, तुम्ही माझे स्वल्पविराम मोजलेत, आता जरा मजकूरही वाचा. मग पडद्यावर बोट ठेवून विचारले, हे चौकोन काय आहेत? मी म्हणालो, त्या टिपा आहेत, त्यांचा गणिताशी संबंध नाही, फॉन्टची अडचण आहे. ती म्हणाली, मग नीट करा ना. साऱ्या जगाचं करता.

चहा अर्धा टाकून गेली. वेळ झाल्यावर करीन. फॉन्टचे काम किचकट असते.

२२ जानेवारी, सकाळी ८

मंचावर ‘शून्यवीर’ आला. हे त्याने घेतलेले टोपणनाव. १७ नोव्हेंबरचा प्रश्नही त्याचाच होता. आज लिहितो की, काका, आलेखावर मराठीत शीर्षक दिलं तर नुसते डबे दिसतात.

उत्तर दिले : शीर्षक तूर्त इंग्रजीत द्यावे.

सात मिनिटांत त्याचे प्रत्युत्तर : काका, मागे मी ‘सबमिट’ लिहिलं तर तुम्ही मला पाच ओळी सुनावल्या होत्या, आणि आता म्हणता इंग्रजीत लिही? तब्येत बरी आहे ना?

मंचावर तेरा जणांनी त्याला दुजोरा दिला. माझी तब्येत उत्तम आहे.

२४ जानेवारी, सकाळी ११

१७ नोव्हेंबरचा संवाद मंचावर पाहिला. माझे पहिले उत्तर ६.५२, शेवटचे ९.०२. एकूण अकरा उत्तरे. त्यांतील तीन केवळ त्याच्या विरामचिन्हांविषयी आहेत.

स्पष्टीकरण : मंचाचा सर्व्हर परदेशात आहे. त्याचे घड्याळ निराळे. वेळेतील तफावत ही वापरकर्त्यांची नेहमीचीच अडचण आहे.

दुपारी २

घड्याळ निराळे असले तर दोन्ही वेळा सारख्याच सरकतील. त्यांच्यामधील अंतर बदलणार नाही. दोन तास दहा मिनिटे.

याचा विचार उद्या.

२६ जानेवारी, सकाळी १०

उद्याचा विचार करण्याऐवजी प्रयोग केला. माझ्या खोलीत रेडिओ लावला, दार उघडे ठेवले आणि खाली नवव्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. बातम्या स्पष्ट ऐकू आल्या. तापमानसुद्धा कळले.

निष्कर्ष : आवाज वरून खाली येतो. खालून वर जाईलच असे नाही.

परत चढताना एकतिसाव्या पायरीवर थांबलो. केवळ पडताळणीसाठी. तेथे भिंतीचा रंग हाताच्या उंचीवर झिजला आहे. हा जिना मी बत्तीस वर्षे चढतो आहे. हे पूर्वी दिसले नव्हते.

कन्या आज आली नाही. काम होते म्हणाली.

२७ जानेवारी, सकाळी ८.४०

शून्यवीराचे खासगी पत्र. चिडवले म्हणून क्षमा मागितली आहे. पुढे लिहितो : “तुम्ही नोव्हेंबरात त्या रविवारी सकाळी सलग दोन तास माझ्यासाठी बसलात. यादीतला पहिला आकडा कुठे जातो तेच मला कळत नव्हतं. इथे मोजणी शून्यापासून होते, म्हणून क्रमांकात एक मिळवायचा, हे तुम्ही आठ वेळा समजावलंत. माझी नऊची बस चुकली, पण शून्य डोक्यात बसलं. घरच्यांनीही कधी माझं इतकं ऐकून घेतलं नाही, काका.”

नऊची बस. त्याच्याकडचे घड्याळ तर येथलेच आहे.

सकाळी ९

मोजणी शून्यापासून होते. क्रमांक ७७ म्हणजे अठ्ठ्याहत्तरावा दिवस. १७ नोव्हेंबर.

‘नऊ’ १७ तारखेचा आहे.

आभार मानणारे उत्तर लिहावयास घेतले. दोन वाक्यांपुढे गेले नाही.

२९ जानेवारी, सकाळी १०

फॉन्टचे उत्तर मंचावर देणे भाग आहे. तेरा जण वाट पाहत आहेत. उत्तर देण्यापूर्वी ते स्वतः करून पाहावे, हा माझा सहा वर्षांचा नियम आहे. जुनी आवृत्ती या घरात एकाच कॉम्प्युटरवर आहे. त्यावर एकच फाइल उघडी आहे.

पायरी पहिली : देवनागरी फॉन्ट उतरवून घ्यावा. पायरी दुसरी : सॉफ्टवेअरला त्याचे ठिकाण सांगावे. पायरी तिसरी : जुनी साठवण पुसावी. पायरी चौथी : सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे.

किचकट नव्हते. अकरा मिनिटे लागली.

सकाळी १०.१४

चौकोन गेले.

दुपारी १

सोळाही ओळी वाचल्या. शाल खाली पडली होती, ती उचलून मांडीवर घेतली.

# ने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, हे बरोबर आहे. ती माणसासाठी लिहिलेली असते. हे वाक्यही मी मंचावर शेकडो वेळा लिहिले आहे.

३० जानेवारी, सायंकाळी ६

कन्येला फोन करून ओळी तारखांसह वाचून दाखवल्या. मध्ये दोनदा थांबावे लागले. ओळी संपल्या. मी विचारले, फोन चालू आहे ना? ती म्हणाली, चालू आहे. मग म्हणाली, बाबा, जेवलात का?

जेवलो, असे सांगितले. तेही खरे नव्हते.

३१ जानेवारी, सकाळी ९

प्रूफ आज परत जाईल. सोबत जोडावयाचे शुद्धिपत्र :

३ सप्टेंबर : दम लागण्याची सुरुवात. ‘नोव्हेंबरचा दुसरा आठवडा’ रद्द. लेखिकेचा ‘सप्टेंबर’ कायम. हिची ओळ : “एकतिसाव्या पायरीवर थांबले. यांना सांगितले. हं म्हणाले.”

१९ सप्टेंबर : “यांना सांगितले. कुणाच्या तरी प्रश्नात आहेत.”

६ ऑक्टोबर : “वर येऊन सांगत होते, पण दम लागला. वाक्य पूर्ण कर म्हणाले.”

२ नोव्हेंबर : “बावीस. यांना सांगितले. पाहू म्हणाले.”

अशा एकूण नऊ तारखा. ‘एकदा’ रद्द. ‘अनेकदा’ कायम.

१६ नोव्हेंबर : वाचनालयातील सही खरी आहे. तिचा येथे संबंध नाही.

१७ नोव्हेंबर, ६.५२ ते ९.०२ : ‘पंधरा मिनिटे’ रद्द. ‘नऊ वाजेपर्यंत’ कायम.

१७ नोव्हेंबर, ७.०९ : “नऊ. खालून हाक मारली. दोन मिनिटे म्हणाले. थांबते.” तेव्हा, ‘हाक मला ऐकू आली नाही’ रद्द. ऐकू आली होती. उत्तरही दिले होते.

११ जानेवारी : ‘कन्येच्या लेखात चार चुका आहेत’ असे या वहीत लिहिले आहे. एकही नाही.

त्याच दिवशी काढलेले सात स्वल्पविराम : परत घातले. तेथे दम घ्यावा लागतो.