गिअरच्या केबलबाबत व्याह्यांवर घेतलेला संशय

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं भाऊजींकडून कळलं. (त्यांचा खोकला फोनवर जास्त ऐकू आला, ऑपरेशन कमी.) हे पत्र तू स्वतः वाचावंस, भाऊजींकडून वाचून घेऊ नयेस, कारण ते आवाज चढवून वाचतात आणि प्रकरण घरातलं आहे.

माझ्या सायकलची गिअरची केबल तुटते. तू म्हणशील, तुटू दे, नवी घाल. मीही आधी तेच म्हणालो. पण उभा जन्म विम्याच्या कचेरीत दाव्यांची छाननी करण्यात गेलेल्या माणसाला एखादी गोष्ट आपोआप तुटते हे पटायला जरा वेळ लागतो. मुलीने आणि जावयाने आम्हा दोघा व्याह्यांना सारख्याच रेसिंगच्या सायकली भेट दिल्या, हे तुला ठाऊक आहेच. दर रविवारी आम्ही दोघे पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जातो. व्यायामासाठी. (वर आधी कोण पोचतो याकडे आम्ही लक्ष देत नाही, असं आम्ही दोघेही घरी सांगतो.) तर एका रविवारी मी त्यांच्या एक चाक पुढे होतो, चढ अंगावर आला म्हणून हलका गिअर घ्यायला हँडलवरचा खटका दाबला, तो लोण्यात बोट जावं तसा आत गेला आणि साखळी धाडकन सगळ्यात जड गिअरवर पडली. भिंत ढकलावी तसं पॅडल. मी उतरलो. व्याही बाजूने जाताना म्हणाले, “सावकाश या, घाई नाही.” त्या आवाजात जी माया होती ती मला तेव्हाच खटकली.

नवी केबल घातली. काही महिन्यांनी तीही तुटली, त्याच चढावर, मी पुढे असतानाच. आता तू विचार कर. आदल्या संध्याकाळी व्याही चहाला आले होते आणि ‘जरा हवा बघतो’ म्हणून एकटेच बाल्कनीत गेले होते. त्यातून त्यांचा धंदा दातांचा. वाकड्या दातांना तारा बांधणारा माणूस, दिवसभर हातात बारीक पक्कड. मी तुटलेली केबल भिंगाखाली धरली. एका घावात कापलेली नव्हती. बारीक तारा कमीजास्त लांबीवर तुटून टोकाला झाडूसारखा झुबका झाला होता. तुझी भावजय म्हणाली, म्हणजे झिजली असेल. मी म्हटलं, हीच तर हुशारी, झिजल्यासारखी दिसावी म्हणून एकेक तार सवडीने कापली आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवसापासून मी सायकल आमच्या झोपायच्या खोलीत ठेवू लागलो.

पुरावा हवा म्हणून मी दाढ दुखते असं सांगून त्यांच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीत आडवा झालो, ट्रेमधल्या पकडी नजरेने तपासू लागलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या तोंडात आरसा आणि कापूस घातला आणि शांतपणे विचारलं, “मागच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. सर्दी होती ना?” मी मान हलवली. “नेमकी त्याच दिवशी माझी केबल तुटली.” मग त्यांनी खण उघडून एक तार माझ्या डोळ्यांसमोर धरली. टोकाला तसाच झुबका. ताई, त्यांना माझा संशय होता. सर्दी हा बनाव होता, आणि करणारा माणूस नेहमी लांब राहतो, असं त्यांचं म्हणणं. सायकल ते एक्स-रेच्या खोलीत कुलपात ठेवत होते. तोंडात कापूस असल्यामुळे मला निषेधही धड करता आला नाही. (दाढ मात्र खरंच किडलेली निघाली. ही त्यांनी मारलेली थाप आहे का, ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारणार आहे.)

मग बोलणं बंद. विहीणबाईंचा फोन बंद. आणि मुलीने दोन्ही घरी येणंही बंद केलं. शेवटी तिने आम्हा दोघांना सायकलींसह बोलावलं. जावयाने माझी सायकल हॉलमध्ये उलटी ठेवली, खटक्यावरचं रबर मागे सारलं. आत केबल एका छोट्याशा खाचेतून वळते. प्रत्येक गिअरला ती तिथे वाकते, घासते, एकेक तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त गिअर जरा उशिरा पडतो. उरलेल्या चारदोन तारा मग ओढ पडली की जातात, आणि ओढ पडते चढावर हलका गिअर घेताना. माझी नवी केबलसुद्धा निम्मी उसवली होती.

“एकमेकांकडे बघून सारखे गिअर बदलता दोघं,” मुलगी म्हणाली. “आमच्या लग्नात तुम्हाला एकमेकांशी बोलायला विषय नव्हता, म्हणून दिल्या होत्या या सायकली.” खटक्याच्या आत जुन्या केबलचा तुकडा अडकला होता. व्याह्यांनी खिशातून पक्कड काढली. मी बॅटरी धरली. “जरा डावीकडे,” ते म्हणाले. “अशी?” “हं.” तुकडा निघाला. ती पक्कड मी अगदी जवळून पाहिली, चपट्या तोंडाची. तिने तार धरता येते, कापता येत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र जेवलो.

प्रकरण मिटलं. माझ्याकडून फाइल बंद. भाऊजींना नमस्कार, तू डोळ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. सायकल अजून झोपायच्या खोलीतच आहे. तुझी भावजय हॉलमध्ये झोपते.

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहिलं ते यासाठी: येत्या रविवारी सकाळी, आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोचायच्या सुमारास, व्याह्यांना फोन कर आणि थोडा वेळ बोलत ठेव. विषय कुठलाही. तुझा मान राखून ते सायकल थांबवतील.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. व्याह्यांना तुझा नंबर हवा आहे, सहज ख्यालीखुशाली विचारायची म्हणे. तुझ्या भावजयीने देऊनही टाकला. तेव्हा ताई, रविवारी सकाळी मला तुझा फोन आला, तर मी तो उचलणार नाही. राग मानू नकोस.